क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखितांचा शोध

क्रिस्तपुराण हे ख्रिस्ताच्या कथेवरचं जवळपास ११ हजार ओव्यांचं मराठी काव्य. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ पर्यंत म्हणजे मरेपर्यंत तिकडेच राहिला. मराठीची रत्नांशी तुलना करणारी त्याची ओवी आपल्याकडे भाषणात हमखास येते, पण ती ज्या पुस्तकातली आहे त्याचं पुढे काय झालं हे फार कमी जणांना ठाऊक असतं. १६१६ मध्ये ते गोव्यात रायतूरला (राशोल) रोमन लिपीत छापलं, मग १६४९ आणि १६५४ मध्ये परत छापलं, आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकसुद्धा प्रत आजवर कुठे सापडलेली नाही. आपल्यापर्यंत आलं ते सगळं हाताने उतरवलेल्या नकलांमधून.

छापील पुस्तक असं समूळ गायब कसं होतं? गोव्याची दमट हवा आणि वाळवी हे आहेच, पण खरा दणका पोर्तुगीज सरकारने दिला. १६८४ च्या फर्मानाने लोकांना तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितलं, मग मराठी पुराण घरात ठेवायचं कोणी आणि पुन्हा छापायचं कोणासाठी. तरी ते टिकलं, कारण गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिश्चन कुटुंबांनी पोथीसारखं ते जपलं, वाचलं, उतरवून घेतलं. हे मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात मोठं वाटतं. १९०७ मध्ये जे. एल. साल्दाना यांनी अशा हस्तलिखितांवरून मंगळूरला रोमन लिपीतच आवृत्ती काढली आणि अडीचशे वर्षांनी पुराण पुन्हा छापून आलं.

मग १९२० च्या दशकात जस्टिन अॅबट यांचं लक्ष लंडनकडे गेलं. अॅबट हे अमेरिकन मिशनरी, आपल्या संतांच्या चरित्रांची इंग्रजी भाषांतरं करणारे, मराठी पोथ्या वाचायची चांगली सवय असलेले. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये विल्यम मार्सडेन या इंग्रज प्राच्यविद्या अभ्यासकाच्या संग्रहात त्यांना क्रिस्तपुराण चक्क देवनागरीत मिळालं. मार्सडेनने आपली पुस्तकं १८३५ मध्ये किंग्ज कॉलेजला दिलेली, तिथून ती विसाव्या शतकात या नव्या संस्थेकडे आली, म्हणजे इतकी वर्षं हस्तलिखित लंडनमध्येच होतं, कुठे पुरलेलं वगैरे नव्हतं. पण त्याचे दोन भाग आदिपुराण आणि देवपुराण अशा नावांचे, त्यामुळे कॅटलॉगमध्ये नुसतं स्टीफन्स किंवा क्रिस्तपुराण शोधणाऱ्याला ते दिसणार कसं? पानं उघडून ओव्या वाचणारा माणूस लागतो, आणि त्याला मराठी यावी लागते.

स्टीफन्सने मुळात लिहिलं ते हेच, देवनागरीतलं, असं अॅबट यांचं म्हणणं होतं. यावर नंतर बराच वाद झाला. रोमन प्रतींमध्ये धर्मातले पोर्तुगीज शब्द तसेच आहेत, देवनागरीत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आहेत, आणि छापलं होतं रोमनमध्ये, म्हणून देवनागरी पाठ मागाहून तयार केला असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही तेच पटतं. रोमनमधून वाचणंही सोपं नाही बरं का, त्यात पोर्तुगीज धर्तीवर एक्स म्हणजे श आणि पुराणमधला ण दाखवायला एन दोनदा, हे डोळ्यात बसेपर्यंत मराठी वाटतच नाही. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून आली तेव्हा कुठे सामान्य मराठी वाचकाला ते सरळ वाचता आलं.

स्टीफन्सच्या आसपासच्या काळातलं दुसरं घबाड पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात होतं. तिथल्या रोमन लिपीतल्या हस्तलिखितांत रामायण-महाभारताच्या कथा आहेत, कोकणी गद्यात, शिवाय मराठी पद्यही. विसाव्या शतकात मारियानो साल्दाना या गोव्याच्या अभ्यासकाने ती अभ्यासकांच्या नजरेला आणली. मिशनऱ्यांनी हिंदूंच्या कथा कशाला उतरवून घेतल्या, तर भाषा शिकायला आणि वाद घालायला. १५५९ च्या जेझुइट पत्रांतच लिहिलंय की एका ब्राह्मणाने कित्येक वर्षं खपून केलेली व्यासाच्या ग्रंथांची भाषांतरं त्याच्या घरातून उचलून आणली. त्या ब्राह्मणाचं काय झालं असेल या विचाराने वाईट वाटतं, पण सोळाव्या शतकातलं कोकणी गद्य आज वाचायला मिळतं ते ब्रागाच्या या वह्यांमुळे, गोव्यात त्या काळचं असं काही उरलेलं नाही.