न्यूनसंपादक विद्यार्थी कसे निवडावेत: निकष, कागदपत्रे आणि प्रक्रिया

न्यूनसंपादक म्हणजे कमी गुण मिळवणारा नव्हे, तर स्वतःच्या कुवतीपेक्षा कमी गुण मिळवणारा विद्यार्थी. पहिल्या दहांत येणारी मुलगीही यात बसू शकते. उलट, कुवत बेताची आणि गुणही तेवढेच असलेला मुलगा यात बसत नाही. त्याला मदत हवीच, पण ती वेगळ्या प्रकारची. नुसती नापासांची यादी काढून हे काम उरकणाऱ्या शाळा दोघांवरही अन्याय करतात.

सुरुवात वर्गशिक्षकांच्या लेखी शिफारशीने करावी. ती मुख्याध्यापकांमार्फत समुपदेशकाकडे जाते. ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढा शेरा पुरेसा नाही. ‘तोंडी उत्तरे अचूक देतो, लेखी पेपर निम्मा कोरा ठेवतो’ अशी नोंद उपयोगी पडते. गप्प बसणारी मुले शिक्षकांच्या नजरेतून सहज सुटतात, म्हणून शक्य असेल तर चाचणी शिफारस झालेल्यांपुरती न ठेवता संपूर्ण वर्गाची घ्यावी.

शिफारशीसोबत मागील दोन-तीन वर्षांची विषयवार गुणपत्रके जोडावीत, कारण एका परीक्षेवरून काहीच ठरत नाही. हजेरीचा उतारा, विषयशिक्षकांची निरीक्षणे, दृष्टी व श्रवण तपासणीचा अहवाल, आणि शाळा किंवा माध्यम बदलले असल्यास त्याची नोंदही हवी. पालकांचे संमतीपत्र चाचणीच्या आधी घ्यावे. चाचणी कशासाठी आहे आणि निकाल कोण पाहणार, हे त्यात साध्या भाषेत लिहावे.

बुद्धिमापनासाठी प्रमाणित चाचणीच वापरावी. भाषेची अडचण असलेल्या मुलांसाठी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन रेव्हन यांची आकृत्यांवर आधारलेली चाचणी सोयीची आहे. ती १९३८ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या मूळ प्रमाणित आवृत्तीत ६० प्रश्न आहेत. गुणांकन मात्र त्या वयोगटाच्या ताज्या मानकांनुसारच (त्या वयाची मुले सहसा किती गुण मिळवतात, त्या आकड्यांनुसारच) करावे.

खरी मेख पुढच्या टप्प्यात आहे. बुद्ध्यंक आणि गुण यांतला फरक काढला की झाले, असे अनेकांना वाटते. एक काल्पनिक वर्ग घेऊ. गुणांची सरासरी ६०, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १२. बुद्ध्यंकाची सरासरी १००, प्रमाण विचलन १५. दोहोंतला सहसंबंध (एक वाढले की दुसरे किती सोबत वाढते याचे माप; ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्णपणे) ०.५. एका मुलीचा बुद्ध्यंक १३० आहे, गुण ७१. बुद्ध्यंकात ती सरासरीच्या दोन प्रमाण विचलने वर आहे, गुणांत एकापेक्षाही कमी. हा साधा फरक एका प्रमाण विचलनापेक्षा जास्त आहे; तीच मर्यादा धरली तर ती लगेच यादीत येते. पण सहसंबंध धरून तिचे अपेक्षित गुण काढले (दोन विचलनांची ०.५ पट म्हणजे एक विचलन, म्हणून ६० अधिक १२) तर ते ७२ येतात, म्हणजे ती अपेक्षेच्या अगदी जवळ आहे. आता बुद्ध्यंक १०० आणि गुण ४९ असलेला मुलगा पाहा. साधा फरक एका प्रमाण विचलनापेक्षा कमी, म्हणून तो सुटतो. त्याचे अपेक्षित गुण मात्र ६० आहेत. या अंदाजाची प्रमाण त्रुटी (प्रत्यक्ष गुण अंदाजापासून साधारण किती दूर पडतात याचे माप) सुमारे १०.४, आणि तो ११ गुणांनी मागे आहे. एक प्रमाण त्रुटी ही मर्यादा ठेवली तर निवड त्याचीच व्हायला हवी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी १९६३ सालीच या सांख्यिकीय चकव्याकडे लक्ष वेधले होते. सहसंबंध आपल्या गटाच्या आकड्यांवरून काढावा, वरचा ०.५ फक्त उदाहरणापुरता आहे.

आकड्यांनी पुढे आलेली नावे अंतिम नव्हेत. दीर्घ आजारपण, मोठी गैरहजेरी किंवा नुकताच झालेला माध्यमबदल असेल तर निर्णय पुढे ढकलावा. वाचन-लेखनात ठरावीक प्रकारच्या चुका सातत्याने दिसत असतील तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या अडचणींची) तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी. त्यानंतर मुलाशी आणि पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे. घरची कामे, परीक्षेची धास्ती, वर्गात होणारी चेष्टा या गोष्टी कोणत्याही गुणपत्रकात दिसत नाहीत.

यादी सूचनाफलकावर लावू नये, वर्गात वाचून दाखवू नये. बुद्ध्यंकाचा आकडा मुलाला सांगू नये. कागदपत्रे समुपदेशकाच्या ताब्यात राहावीत, आणि मदत सुरू झाल्यावर पुढच्या सत्राच्या गुणांसह प्रत्येक नाव पुन्हा तपासावे. ज्याचे गुण अपेक्षेजवळ आले, त्याचे नाव यादीतून काढून टाकावे.