कामं 'वरून' निघत नाहीत, मागावी लागतात

"तहसीलदारांनी दुष्काळ जाहीर केला, वरून कामं निघाली, की मग रोजगार हमीवर जायचं." पाणीटंचाईच्या गावांत हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. 1972 च्या दुष्काळात लोकांनी सरकारला कामं काढताना पाहिलं, ते चित्र मनात बसलं. पण विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेल्या या योजनेला 1977 च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने हक्क बनवलं. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यानेही तेच तत्त्व घेतलं: मागेल त्याला काम. दुष्काळ जाहीर होण्याची अट त्यात नाही.

गोची असते ती कागदावर. तोंडी मागणीची नोंद बऱ्याचदा होतच नाही. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यायचा आणि तारीख, सही, शिक्का असलेली पोच हातात घेऊनच बाहेर पडायचं. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात. तेवढ्यात काम मिळालं नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क लागू होतो. माझ्या मते ही पोचेची चिटोरी जॉबकार्डाइतकीच (रोजगार हमीच्या नोंदणीच्या कार्डाइतकीच) जपायला हवी.

शेततळं, बांधबंदिस्ती, विहीर यांची नावं मात्र आधीच ग्रामसभेत गावाच्या कामांच्या आराखड्यात घालून घ्या. मागणी आली आणि मंजूर कामच नसलं, तर मजूर ऊसतोडीच्या गाडीत बसून निघून जातात.