उद्रेक ओसरताना कृष्णविवर काय सांगते

ऑगस्ट १९७५ मध्ये एरियल-५ या उपग्रहाला शृंगाश्व तारकासमूहात एक नवा क्ष-किरण स्रोत सापडला आणि थोड्याच दिवसांत तो, सूर्य वगळता, क्ष-किरणांच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी स्रोत ठरला. ए०६२०-०० असे त्याचे नाव. काही महिन्यांत तो विझत गेला, आणि खरे संशोधन त्यानंतर सुरू झाले. झगमगाट सरल्यावर त्या जागी नारिंगी छटेचा एक मंद तारा उरला होता. त्याच्या वर्णपटातल्या रेषा पावणेआठ तासांच्या लयीत मागे-पुढे सरकत होत्या. म्हणजेच तो तारा कोणत्या तरी अदृश्य वस्तूभोवती सेकंदाला चारशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत होता. १९८६ मध्ये मॅक्लिंटॉक आणि रेमिलार्ड या खगोलशास्त्रज्ञांनी या हालचालीवरून त्या वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या तिपटीहून अधिक असल्याचे दाखवले. इतका जड न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा अतिघन अवशेष, टिकूच शकत नाही, असे मानले जाते; म्हणून ती वस्तू कृष्णविवरच असणार. उद्रेकाच्या काळात हे मोजमाप जवळजवळ अशक्य होते, कारण तेव्हा कृष्णविवराभोवतीच्या तबकडीच्या प्रकाशात साथीदार तारा हरवून जातो.

अशा द्वैती प्रणालीत साथीदार ताऱ्याकडून ओढला जाणारा वायू थेट कृष्णविवरात पडत नाही, तर भोवतालच्या तबकडीत वर्षानुवर्षे साठत राहतो. तबकडीचे तापमान वाढून हायड्रोजनचे अणू आयनीभूत झाले, म्हणजे त्यांतले इलेक्ट्रॉन सुटे झाले, की वायूची चिकटता एकदम वाढते, साठलेले द्रव्य आत कोसळू लागते आणि उद्रेक होतो. ऐन भरात तबकडीचा आतला भाग सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापतो. त्यानंतरची उतरण बरीच शिस्तबद्ध असते: अनेक स्रोतांची तेजस्विता दर महिन्याला साधारण एक-तृतीयांशावर येते.

या उतरणीवर एक वळण येते, आणि मला संपूर्ण उद्रेकातला तोच सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. तेजस्विता एडिंग्टन मर्यादेच्या, म्हणजे प्रारणाचा बाहेरचा दाब आत येणाऱ्या वायूला थोपवू शकेल त्या पातळीच्या, एक ते चार टक्क्यांवर आली की तबकडीतून येणारे मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण मागे पडतात आणि विरळ, अतितप्त वायूतून येणारे कठोर, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण वरचढ ठरतात. उद्रेकाच्या मृदू अवस्थेत बंद पडलेला द्रव्याचा झोत काही दिवसांत पुन्हा उभा राहतो आणि रेडिओ दुर्बिणींना त्याचा संकेत मिळू लागतो. यापुढे क्ष-किरण शंभरपटीने घटले, तर रेडिओ तेजस्विता साधारण वीस-पंचवीस पटीनेच घटते. मात्र सगळेच स्रोत या नियमाने वागत नाहीत. एच१७४३-३२२ हा स्रोत तेजस्वी असताना अपेक्षेपेक्षा कमी रेडिओ प्रारण देतो आणि बराच मंदावल्यावर इतरांच्या वाटेवर येतो. म्हणून दोन्ही प्रकारची निरीक्षणे एकाच दिवशी, शक्य तर एकाच वेळी घ्यावी लागतात. आठवड्याचे अंतर पडले, तर तुलना फोल ठरते.

शांतावस्थेतल्या कृष्णविवराचा मंदपणाही बोलका आहे. खगोलभौतिकशास्त्रज्ञ रमेश नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात असे मांडले की विरळ वायू आपली उष्णता प्रारणाद्वारे टाकू शकत नाही आणि ती बरोबर घेऊनच घटना क्षितिजापलीकडे, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेपलीकडे, जातो. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असल्यामुळे तिथे आदळणाऱ्या वायूला ती ऊर्जा बाहेर टाकावीच लागते. शांत कृष्णविवरे शांत न्यूट्रॉन ताऱ्यांहून मंद दिसतात, हे निरीक्षण या कल्पनेशी जुळते. तरी हा क्षितिजाचा निर्णायक पुरावा मानू नये, कारण बरीचशी ऊर्जा झोतही वाहून नेत असू शकतो.

हे सारे टिपण्यासाठी चिकाटी लागते. स्रोत ऐन उतरणीवर असताना सूर्याच्या दिशेला गेला, तर निरीक्षणात मोठा खंड पडतो. काही स्रोत तर फार घाई करतात: २६ वर्षे शांत असलेला व्ही४०४ सिग्नी १५ जून २०१५ रोजी भडकला, दोन आठवड्यांत त्याचा भर ओसरला, आणि तो निवला असे वाटत असतानाच डिसेंबरमध्ये त्याने पुन्हा एकदा उसळी घेतली.

शृंगाश्वातल्या त्या पहिल्या स्रोताचे क्ष-किरण आता एडिंग्टन मर्यादेच्या जेमतेम काही अब्जांश उरले आहेत, आणि चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या प्रतिमेत तो तुरळक ठिपक्यांच्या रूपात दिसतो. उद्रेकानंतर ३० वर्षांनी, २००५ मध्ये, चंद्राने आणि व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने त्याच्याकडे एकाच वेळी पाहिले, तेव्हा तिथून येणारा एक अतिक्षीण रेडिओ संकेत नोंदला गेला. इतक्या मंद अवस्थेतही त्याचा झोत बहुधा चालूच होता.