वेगवान ड्राइव्ह, जुनं सेटिंग

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांत सर्व्हरमधल्या फिरत्या हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारे ड्राइव्ह, बसवतात; अनेक ड्राइव्ह एकत्र बांधून चालवणाऱ्या रेड कंट्रोलरचं सेटिंग मात्र जुनंच राहतं. मग स्टॉकचा रिपोर्ट पाहिजे तसा पळत नाही आणि खापर एसएसडीवर फुटतं.

सर्व्हर सुरू होताना सेटअपमध्ये शिरून कंट्रोलरचा मेनू उघडा. 'रीड अहेड' दिसेल, म्हणजे मागितलेल्याच्या पुढचा डेटाही आगाऊ वाचून ठेवणं. फिरत्या डिस्कचं हेड एकदा जागेवर पोचलं की शेजारचा डेटाही उचलणं स्वस्त पडतं. एसएसडीला हेडच नाही. त्यात डेटाबेस एक तुकडा इथला, एक तिथला असा वाचतो, त्यामुळे आगाऊ आणलेलं बरंचसं वाया जातं. 'नो रीड अहेड' करा. स्ट्रिप साइज, म्हणजे एकेका ड्राइव्हवर जाणाऱ्या तुकड्याचं माप, ६४ केबी ठेवा, त्यावर फार डोकं खपवू नका.

खरी गोम 'राइट पॉलिसी'त आहे. 'राइट बॅक'मध्ये डेटा कंट्रोलरच्या रॅममध्ये, म्हणजे कॅशमध्ये, पोचताच 'लिहिलं' अशी पोच मिळते; ड्राइव्हवर तो मागाहून उतरतो. नेमकी तेवढ्यात वळवाच्या पावसात लाईट गेली, यूपीएसनेही मान टाकली, तर कॅशची बॅटरी धड असेल तरच डेटा वाचतो. 'ऑलवेज राइट बॅक' बॅटरी मेलेली असतानाही तसंच चालू राहतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. एसएसडीवर 'राइट थ्रू', म्हणजे डेटा ड्राइव्हवर पोचल्यावरच पोच देणं, बहुधा पुरतं. ड्राइव्हची स्वतःची कॅश वेगळीच. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत लाईट गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरते कपॅसिटर असतात. डेस्कटॉपच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये सहसा नसतात. तिथे 'डिस्क कॅश' बंद करा, वेग घटला तरी.

ड्राइव्ह बांधण्याच्या दोन पद्धती: रेड ५ मध्ये एका ड्राइव्हइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या हिशेबाला, जाते; रेड १० मध्ये प्रत्येक डेटाची दुसरी प्रत ठेवतात. ९६० जीबीचे ४ ड्राइव्ह रेड ५ मध्ये २.८८ टीबी देतात, रेड १० मध्ये १.९२. पण रेड ५ मध्ये एका छोट्या नोंदीसाठी जुना डेटा नि जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशी ४ कामं होतात. रेड १० मध्ये दोनच. डेटाबेसला रेड १० द्या.

ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, हेही तपासा. काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालून कायमच्या बंद पडतात, असा दोष २०१९ मध्ये जाहीर झाला होता. एकाच दिवशी बसवलेले चारही ड्राइव्ह एकाच वेळी गेले, तर रेड काय करणार?

कंट्रोलर बदलल्यावर 'फॉरेन कॉन्फिगरेशन', म्हणजे ड्राइव्हवर दुसऱ्या कंट्रोलरची मांडणी सापडली, असा संदेश येतो. तिथे 'इम्पोर्ट' निवडा. घाईत 'क्लिअर' दाबलं, तर रेडची मांडणीच पुसली जाते.