अणू म्हातारा होत नाही

गुऱ्हाळावर नुकत्याच तयार झालेल्या कोल्हापुरी गुळाच्या रव्यातून अडीच ग्रॅमचा खडा फोडून घेतला, तर त्यात साधारण एक ग्रॅम कार्बन असतो. उसानं तो हवेतून घेतलेला असतो. त्यातला बहुतेक साधा, स्थिर कार्बन. लाख कोटी अणूंमागे एखादाच कार्बन-14 चा, म्हणजे किरणोत्सारी : आपोआप किरण सोडून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलणारा. तरी एवढ्याशा खड्यात हे अणू सुमारे 6,000 कोटी भरतात. आणि मिनिटाला त्यांतले फक्त चौदाएक अणू बदलून नायट्रोजन होतात. रस काहिलीत रटरटला काय किंवा गूळ फ्रीजमध्ये ठेवला काय, या आकड्यात फरक पडत नाही.

6,000 कोटींतून नेमके हेच चौदा का? त्यांच्यात वेगळं असं काहीच नसतं. हजारो वर्षं टिकलेला कार्बन-14 चा अणू आणि काल तयार झालेला अणू, दोघांनाही पुढच्या मिनिटात बदलण्याची शक्यता तंतोतंत सारखी. बैल थकतो, मोटार झिजते. अणू झिजत नाही, त्याला वयच नसतं. किरणोत्सारातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच, आणि अर्धायुष्याचा, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणाऱ्या काळाचा, सगळा हिशेब तिच्यातूनच निघतो.

शाळेच्या पटांगणात 800 मुलं उभी आहेत असं समजा. दर तासाला प्रत्येकानं नाणं उडवायचं, छापा पडला की खाली बसायचं. पहिल्या तासानंतर साधारण 400 उभी राहतील, मग 200, मग 100. दोन तासांत सगळी बसतील असं होणार नाही, कारण दर वेळी निम्मी बसतात ती उरलेल्यांतली. सुरुवातीला तासाला 400 मुलं बसतात, चौथ्या तासाला जेमतेम 50. ‘घातांकी ऱ्हास’ म्हणतात तो हाच. कोणतं मूल कधी बसेल हे सांगता येत नाही, पण गर्दीचं गणित पक्कं असतं. आणि अणूंची गर्दी हजारो कोटींची असल्यामुळे तिथं ते फारच पक्कं. भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डनं 1900 मध्ये थोरियममधून निघणाऱ्या वायूवर हे मोजलं होतं. त्या वायूच्या किरणोत्साराची तीव्रता दर मिनिटाला जवळपास निम्मी होत होती.

कार्बन-14 चं अर्धायुष्य 5,730 वर्षं. ऊस तोडला की नवा कार्बन आत यायचा थांबतो आणि असलेला कार्बन-14 घटू लागतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी 1945-46 मध्ये उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातल्या वसतीचा माग नाणी, खापरं आणि थरांवरून काढावा लागला. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लिबी यांची कार्बन-कालमापनाची (उरलेल्या कार्बन-14 वरून वय काढण्याची) पद्धत जगापुढे आली 1949 मध्ये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरातला जळका दाणा आज मोजला, तर एका ग्रॅम कार्बनमागे मिनिटाला 14 ऐवजी 11 च्या आसपास अणू बदलताना दिसतील. या तीनच्या फरकात वीस शतकं मावलेली असतात!

पन्नासएक हजार वर्षांपलीकडे मात्र ही पद्धत चालत नाही, मोजण्याजोगं काही उरतच नाही. पन्हाळ्याच्या काळ्या कातळाला दुसरा पदार्थ लागतो : पोटॅशियम-40, अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षं. त्याच्या काही अणूंचा आरगॉन वायू होतो आणि तो खडकात अडकून राहतो. हा कातळ ज्यातून घडला तो दख्खनचा लाव्हारस सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला, हे या आरगॉनवरून कळलं. एवढ्या काळात पोटॅशियम-40 घटलं ते जेमतेम साडेतीन टक्के.

लांबलचक अर्धायुष्य ऐकलं की लोक घाबरतात. पण अणू तितकेच असतील, तर लांब अर्धायुष्याचा पदार्थ दर सेकंदाला किरणांचा कमी मारा करतो. तो पुरतो जास्त, एवढंच. म्हणून दवाखान्यात उलट, झटपट संपणारे पदार्थ निवडतात. हाडांच्या स्कॅनसाठी वापरतात त्या टेक्नेशियम-99एम चं अर्धायुष्य सहा तास, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्सा उरतो. लघवीतून बाहेर जातं ते वेगळंच.

पेट (PET) स्कॅनसाठी रुग्णाला टोचतात त्या फ्लोरिन-18 ची घाई याहून मोठी, त्याचं अर्धायुष्य 110 मिनिटं. ते पुण्यात तयार होऊन साडेचार तासांनी कोल्हापुरात पोचलं असं धरा, तर हाती लागेल सुमारे 18 टक्के. म्हणजे इथल्या रुग्णाला जितकं हवं, त्याच्या साडेपाचपट तिकडे भरावं लागेल, आणि घाटात गाडी तासभर अडकली तर आठपट. म्हणूनच अशा कुपीवर नुसती मात्रा लिहून भागत नाही, ती कोणत्या वेळची तेही लिहावं लागतं.