निर्बंध यादीतील नावसाधर्म्यामुळे खाते गोठल्यास अर्ज कसा करावा

बडोद्यातील मराठी घरांत एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर गुजराती पद्धतीने आडनाव आधी घालून, पासपोर्टवर ते शेवटी घालून, तर पासबुकात वडिलांचे नाव गाळून लिहिलेले आढळते. एरवी किरकोळ वाटणारा हा घोळ बँका संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीशी, म्हणजे दहशतवादाशी संबंध असल्यामुळे ज्यांची मालमत्ता गोठवायची त्यांच्या यादीशी, खातेदारांची नावे ताडतात तेव्हा महागात पडू शकतो. त्या यादीत 2003 पासून दाऊद इब्राहिम कासकर आहे, आणि कासकर हे आडनाव कोकणातल्या साध्यासुध्या घरांचेही आहे.

खाते गोठल्यास शाखेकडून आधी कारण लेखी मागावे, कारण सायबर तक्रारीवरून थांबवलेल्या खात्याची वाट वेगळी असते. कारण यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याचे कलम 51ए असेल, तर केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 2 फेब्रुवारी 2021 च्या आदेशानुसार, आपली मालमत्ता चुकून गोठवली गेली आहे असे पुराव्याने दाखवू शकणारी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था त्याच बँकेकडे लेखी अर्ज करू शकते. यादीतील नोंदीत बहुधा जन्मतारीख, जन्मस्थळ, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक असतात. म्हणून नुसते आधार कार्ड न देता जन्मदाखला, पासपोर्ट आणि वडिलांचे पूर्ण नाव असलेला शाळेचा दाखला जोडावा, आणि कागद गुजरातीत असल्यास इंग्रजी भाषांतरही द्यावे, कारण पडताळणी दिल्लीत होते. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. बँकेने दोन कामकाजाच्या दिवसांत अर्ज केंद्रीय नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या गृह मंत्रालयातील अधिकाऱ्याकडे, पाठवायचा असतो. त्याची खात्री पटल्यास विनाविलंब खाते मोकळे करण्याचा आदेश निघतो, आणि पाच कामकाजाच्या दिवसांत ते शक्य नसल्यास अर्जदाराला तसे कळवावे लागते.

ज्याचे नाव खरोखरच यादीत आहे त्यालाही उपाशी ठेवता येत नाही. सुरक्षा परिषदेच्या 2002 च्या ठराव 1452 नुसार अन्न, घरभाडे, औषधोपचार, कर, विमा हप्ते आणि वीज-पाण्याची बिले यांसाठी पैसे मोकळे करता येतात. भाडेकरार, बिले आणि डॉक्टरांची चिठ्ठी इथे उपयोगी पडते.

यादीतूनच नाव काढायचे असल्यास, आयसिस व अल-कायदा यादीपुरता अर्ज सुरक्षा परिषदेच्या 2009 च्या ठराव 1904 ने नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या लोकपालाकडे जातो. ही सोय सहज मिळालेली नाही. बाजू मांडण्याची संधी न देता मालमत्ता गोठवणे हा मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये यादीत नाव असलेल्या यासिन कादी या सौदी उद्योजकाच्या खटल्यात ठरवले होते. लोकपालाने नाव काढण्याची शिफारस केली की, सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीने 60 दिवसांत एकमताने ती नाकारली नाही किंवा प्रकरण सुरक्षा परिषदेकडे गेले नाही, तर नाव यादीतून निघते.