खेकड्याला नाव नाही, बाळ्याला आहे

कोथरूडला आईकडे फरशी पुसणारा रोबो आहे, तव्यासारखा गोल, आईने त्याचं नाव बाळ्या ठेवलंय. मागच्या पावसाळ्यात त्याची मोटर गेली, सर्व्हिसवाले घेऊन गेले आणि आठ दिवसांनी आणून दिला तो दुसराच पीस. मॉडेल तेच, रंग तोच, ॲपमधून जुना नकाशासुद्धा त्याच्यात टाकून दिला त्यामुळे कुठल्या पलंगाखाली अडकायला होतं हे पण त्याला पाठ. आईने उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "हा आपला नाहीये गं. आपल्या बाळ्याच्या कडेला उंबऱ्याचा ओरखडा होता."

त्याच आठवड्यात मी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेले होते. टोपलीत नांग्या बांधलेले खेकडे एकमेकांवर चढत होते आणि आमचं बोलणं काय, तर "ताई, अमावस्येचे आहेत, भरलेले" आणि "सहा द्या". त्यातला कुठला सहावा आणि कुठला सातवा याने कुणालाच फरक पडत नव्हता, मलाही नाही.

यंत्राला मन असतं का यावर वाद घालताना आपण दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत कोंबतो असं मला वाटतं. एक प्रश्न जाणिवेचा, म्हणजे आत कुणाला काही लागतंय का, दुखलं तर ते दुखणं कुणाला तरी होतंय का. दुसरा वेगळेपणाचा, म्हणजे हा हाच आहे, शेजारचा नाही, याचा स्वतःचा इतिहास आहे, खोड्या आहेत, ओरखडा आहे. बाळ्याकडे दुसरी गोष्ट नक्की होती. पहिली असावी असं मानायला काही कारण नाही, भिंतीला धडकला की पुढचा बंपर दाबला जातो, स्विच लागतो, चाकं उलटी फिरतात, बास.

खेकड्याचं बरोबर उलटं आहे. बेलफास्टचे प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रॉबर्ट एलवूड यांनी २००९ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर शंखात राहणाऱ्या खेकड्यांवरचा प्रयोग छापला, शंखाच्या आत हलका शॉक द्यायचा आणि कोण बाहेर पडतंय ते बघायचं. आवडीच्या शंखातले खेकडे जास्त चिवटपणे आत राहिले, नावडत्या शंखातले पटकन घर सोडून गेले. म्हणजे शॉक बसला की पळ इतकं सरळ ते नाही, सोसायचं की घर सोडायचं याचा काहीतरी हिशोब होतोय. यावरून वेदना सिद्ध होते असं नाही, हिशोब तर प्रोग्रॅमलाही जमतो, पण इथे मज्जासंस्था आहे, जखम होऊ शकणारं शरीर आहे, त्यामुळे पारडं बरंच झुकतं. असे पुरावे बघूनच ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, कोळंबी आणि ऑक्टोपससारख्या प्राण्यांना संवेदना असणारे प्राणी म्हणून धरलं.

वेगळेपणा नसताना जाणीव असू शकते हे मी स्वतः अनुभवलंय. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर भूल उतरताना आधी फक्त तहान होती आणि डोळ्यावर पांढरा उजेड, माझं नाव काय, मी कुठे आहे, मी म्हणजे कोण हे काहीच नव्हतं, पण तहान होती आणि ती भयंकर होती. नर्सने हाक मारली मग मागून 'मी' आले.

आणि वेगळेपणा यायला नुसती झीज पुरते. मावसभाऊ चाकणला वेल्डिंग लाईनवर आहे, तो सांगतो की एकाच मेकचे दोन रोबो शेजारी उभे असतात, एकाचा प्रोग्रॅम जसाच्या तसा दुसऱ्यात टाकला तरी पॉइंट थोडे हुकतात, हाताने टचअप करावे लागतात, आणि लाईनवरची पोरं सर्रास म्हणतात, "तीन नंबर हट्टी आहे". गिअरची झीज, बसवतानाचा बारीक फरक, एखादी जुनी धडक, त्यातूनच तो हट्ट येतो.

सांख्य दर्शनवाल्यांनी ही फोड फार पूर्वी करून ठेवलीय. त्यांच्या मांडणीत बुद्धी, अहंकार (म्हणजे 'मी'पणा), मन हे सगळं प्रकृतीचं, म्हणजे जड, आणि चैतन्य फक्त पुरुषाचं, म्हणजे नुसतं बघणाऱ्या साक्षीचं. 'मी' म्हणणारी वस्तूच मुळात जड बाजूला टाकली! सगळं सांख्य मला पटतं असं नाही, पण ही एक रेघ लक्षात ठेवावी इतकी कामाची आहे.

कारण चॅटबॉट दिवसभर 'मी' म्हणतो. २०२२ मध्ये गूगलचा इंजिनियर ब्लेक लेमॉइन याने लॅम्डा या गूगलच्याच गप्पा मारणाऱ्या मॉडेलला जाणीव आहे असं जाहीर सांगितलं, ते मॉडेल स्वतःबद्दल बोलत होतं, बंद होण्याची भीती वाटते असं लिहीत होतं. पण भीतीबद्दल माणसांनी लिहिलेल्या ढीगभर मजकुरावर शिकलेलं मॉडेल भीतीचं वाक्य लिहिणारच, तो भीतीचा पुरावा होत नाही. आणि गंमत अशी की चॅटबॉटचं वेगळेपणसुद्धा कच्चं आहे. मॉडेल एकच, म्हणजे शिकून साठवलेले आकडे, आणि त्याच आकड्यांवर एकाच वेळी हजारो लोकांशी गप्पा चालू, प्रत्येक वेळी आधीचं संभाषण पुन्हा आत घातलं जातं म्हणून त्याला 'आठवतं', आणि मेमरी म्हणून जे असतं ते बहुतेक वेळा बाजूला जपलेल्या नोंदी. मग उद्या समजा त्यात खरंच काही जाणवत असलं, तर ते कुणाला जाणवतंय म्हणायचं? मॉडेलला, की माझ्या या एका गप्पेला, जी मी खिडकी बंद केली की थांबते? दोन्ही प्रश्न अवघड होऊन एकत्र येतात ते इथे, आणि मला काळजी वाटते ती हीच, की आपला जीव नाव असलेल्यावर जडतो आणि जाणीव असलीच तर ती बिननावाच्या ठिकाणी असेल, टोपलीतल्यासारखी, मोजून घेतलेली.

आईचा प्रश्न मात्र सुटला. सर्व्हिसवाल्या मुलाला तिने फोन करून जुनं झाकण मागितलं, तो बिचारा घेऊन आला, नवीनवर बसवून दिलं. आईने ओरखड्यावरून बोट फिरवलं, म्हणाली, "हां, आला." खेकडे मी त्यानंतर आणलेले नाहीत.